शिवार कोणाचे?
(आष्टीच्या काळ्या जमिनीविषयी काही विचार)



'तुमचे शेत कोठे आहे?' असा प्रश्न आम्ही वर्गात विचारला, की निम्म्याहून अधिक हात वर होतात. कोणी म्हणतो ओढ्याच्या पलीकडे, कोणी म्हणतो गायरानाला लागून, कोणी म्हणतो कालव्याच्या खाली. त्यात कोणते पीक उभे आहे, विहिरीला पाणी किती, बैल कोणत्या रंगाचे, हे सर्व मुलांस मुखोद्गत असते. परंतु 'ते शेत कोणाच्या नावावर आहे?' असा दुसरा प्रश्न केला, की वर्ग स्तब्ध होतो. एकदा एका विद्यार्थ्याने धीर करून उत्तर दिले, 'आजोबांच्या.' 'आजोबा कोठे असतात?' असे विचारता तो म्हणाला, 'ते मी पहिलीत असतानाच वारले.' मुले हसली. आम्हांस मात्र हसू आले नाही. कारण वारलेल्या माणसास कोणी पीककर्ज देत नाही, आणि अतिवृष्टीने पीक बुडाले तर नुकसानभरपाईही त्याच्या हाती पडत नाही. राबणारे हात जिवंत आहेत, पण कागदावरचे नाव गेलेले आहे, अशी स्थिती आपल्या अनेक घरांत आहे. यास्तव पीक कोठे पिकते आणि जमीन कोणाची असते, ह्या दोन प्रश्नांचा विचार आज आपण करू. उदाहरणादाखल आम्ही जालना जिल्ह्यातील, परतूर तालुक्यातले आष्टी हे गाव घेतो. पण येथे जे सांगितले आहे ते मराठवाड्याच्या बहुतेक गावांस लागू पडेल.

काळी आणि पांढरी

आपल्या पूर्वजांनी गावाच्या भूमीचे दोनच भाग मानले: काळी आणि पांढरी. जेथे घरे, देऊळ, मशीद, चावडी ती पांढरी. जेथे नांगर चालतो ती काळी. पांढरीत माणूस जन्मतो आणि काळी त्याला पोसते.

आष्टी हे परतूरहून माजलगावकडे जाणाऱ्या वाटेवर वसलेले गाव. उत्तरेकडे दुधना आणि दक्षिणेकडे गोदावरी, ह्या दोन नद्यांच्या मधला हा प्रदेश. कोट्यवधी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या रसाचे थर एकावर एक थिजून दख्खनचे पठार झाले, आणि त्या काळ्या खडकाची झीज होऊन ही माती बनली. ह्या मातीचा स्वभाव विलक्षण आहे. पाऊस पडला की ती फुगते आणि चिकट होते; उन्हाळ्यात आकसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाणी पोटात धरून ठेवण्याची तिची शक्ती मोठी. म्हणूनच पावसाळा सरल्यावर भाद्रपद-आश्विनात पेरलेली रब्बी ज्वारी वरून पाण्याचा थेंब न पडताही केवळ ओलीवर पिकू शकते.

परंतु सर्वच शिवार सारखे नसते. सखल भागात व नदीओढ्यांच्या काठी जमीन भारी, म्हणजे खोल आणि काळी. उंचवट्यावर ती हलकी, मुरमाड, बरड. भारी जमिनीत कापूस, तूर, रब्बी ज्वारी, हरभरा, करडई. हलक्या जमिनीत बाजरी, मूग, उडीद असा जुना क्रम होता. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत खरिपात सोयाबीनने मोठी जागा व्यापली आहे. जालना जिल्ह्यात पाऊस सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, पण सरासरी हा शब्द शेतकऱ्यास फसवितो. एके वर्षी पूर, तर दुसरे वर्षी धूळ. १९७२ चा दुष्काळ वृद्धांच्या आठवणीत आहे, आणि २०१२-१३ साली ह्याच जिल्ह्यात मोसंबीच्या उभ्या बागा वाळून गेल्या हे तुमच्या वडिलांनी डोळ्यांनी पाहिले आहे.

ज्या शिवारास पाणी मिळाले तेथले चित्र निराळे. पैठण येथील जायकवाडी धरणाची कोनशिला १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी बसविली. त्याचा डावा कालवा जालना जिल्ह्याच्या दक्षिण भागातून परभणीकडे जातो. जेथे कालव्याचे पाणी पोचते तेथे ऊस दिसतो. ह्यावरून एक गोष्ट ध्यानात येईल: एकाच गावात दहा एकरांचा एक धनी सुखवस्तू असतो आणि दहा एकरांचाच दुसरा धनी कर्जबाजारी असतो. जमीन किती, एवढे विचारून भागत नाही. ती कोठे आहे, तिला पाणी आहे काय, हेही विचारावे लागते.

पूर्वी जमीन कोणाची होती?

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. आपला मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्याच्याही पूर्वी, सतराव्या शतकाच्या आरंभी, अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर मलिक अंबर (मृत्यू १६२६) याने जमिनीचा मगदूर पाहून सारा ठरविण्याची पद्धत ह्या प्रांतात घातली. पुढे ती घडी विसकटली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हैदराबाद सरकार साऱ्याची वसुली मक्त्याने देत असे. मक्तेदार सरकारला ठरलेली रक्कम भरी आणि रयतेकडून जमेल तेवढे ओढी. दिवाण सालारजंग (दिवाणगिरीचा काळ १८५३ ते १८८३) यांनी हा प्रकार बंद करून १८६५ साली जिल्हाबंदी केली, आणि नंतर मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची मोजणी होऊन प्रत्येक शेतास सर्व्हे नंबर व आकार पडला.

तेव्हा संस्थानातील सर्व जमीन एकाच प्रकारची नव्हती. पहिली दिवाणी किंवा खालसा, जिचा सारा सरकारी खजिन्यात जाई. अशी जमीन संस्थानात सुमारे साठ टक्के होती. दुसरी सर्फेखास, म्हणजे खुद्द निजामाची खाजगी मिळकत. तिसरी जहागीर व पायगा. तेथील सारा जहागीरदार घेई, आणि कित्येक ठिकाणी न्यायाचा अधिकारही त्याचाच असे. चौथी इनाम, देवळाच्या पूजेसाठी, दर्ग्याच्या दिवाबत्तीसाठी अथवा गावच्या चाकरीसाठी दिलेली. तुमच्या पणजोबांची जमीन ह्यांपैकी कोणत्या प्रकारात होती, यावर त्यांचे सुखदुःख बरेचसे अवलंबून असे.

खालसा गावातही जो पेरी तोच धनी, असे नव्हते. सरकारी दप्तरात ज्याच्या नावाचा पट्टा तो पट्टेदार. त्याच्या हाताखाली शिकमीदार आणि कुळे. घाम कुळाचा आणि नाव पट्टेदाराचे. सावकाराचे कर्ज थकले, की अडाणी पट्टेदार स्वतःच्याच शेतात कूळ होई. हे कसे घडले हे त्याला कळतही नसे, कारण कागद वाचणारा पटवारी, आणि कागद लिहिणाराही तोच.

कायद्याने काय पालटले?

हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यावर थोड्याच वर्षांत फार मोठा पालट झाला. १९४९ साली सर्फेखास दिवाणीत मिळविण्यात आले, आणि त्याच वर्षी जहागिरी रद्द झाल्या. १९५० साली हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायदा आला. सलग सहा वर्षे जमीन कसणाऱ्या कुळास त्याने 'संरक्षित कूळ' मानले, आणि पुढे अशा कुळांस ठरीव किमतीत जमिनीचे मालक होण्याची वाट मोकळी करून दिली. १९५४ च्या कायद्याने पुष्कळशी इनामे रद्द झाली; देवस्थान व धर्मादाय इनामांना मात्र निराळे नियम राहिले. म्हणूनच आजही देवस्थानाची जमीन वहिवाटदारास आपखुशीने विकता येत नाही.

ह्याच सुमारास, १९५४-५५ साली, गावोगाव खासरा पाहणी पत्रक तयार झाले. प्रत्येक शेत कोणाच्या नावावर आणि प्रत्यक्ष कोणाच्या ताब्यात, हे त्यात लिहिले गेले. आज सत्तर वर्षांनंतरही मराठवाड्यातील जमिनीचा वाद उभा राहिला, की वकील प्रथम ते पत्रक मागतो. ज्यांची नावे त्या वेळी नीट लागली त्यांची नातवंडे निर्धास्त आहेत. ज्यांची राहून गेली त्यांची नातवंडे कोर्टाच्या पायऱ्या झिजवीत आहेत. एका दिवशी लिहिलेल्या एका ओळीचे मोल किती, हे ह्यावरून कळेल.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. १९६१ साली कमाल जमीनधारणेचा कायदा झाला. १९७५ च्या दुरुस्तीनंतर एका कुटुंबास बारमाही पाण्याची जमीन १८ एकर आणि कोरडवाहू ५४ एकर, ह्याहून अधिक ठेवता येत नाही. वरची जमीन सरकारने घेऊन भूमिहीनांस वाटली. परतूर तालुका तोपर्यंत परभणी जिल्ह्यात होता; १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा निर्माण झाला तेव्हा तो जालन्यास जोडला गेला. म्हणून आष्टीकडील जुने कागद पाहताना त्यांवर परभणीचे नाव दिसले, तर गोंधळून जाऊ नये.

सातबारा कसा वाचावा?

सातबारा म्हणजे गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२ यांचा एकत्र उतारा. नमुना ७ मध्ये जमीन कोणाची ते असते. नमुना १२ मध्ये तीत काय पिकले ते असते. म्हणजे आपल्या आजच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच कागदावर आहेत! उतारा हाती घेतला, की पुढील गोष्टी क्रमाने पाहाव्या.

प्रथम गट क्रमांक. पूर्वीचे सर्व्हे नंबर जमीन एकत्रीकरणाच्या वेळी पालटून गट पडले, तेव्हा जुना आणि नवा दोन्ही क्रमांक घरी टिपून ठेवावे. नंतर क्षेत्र. ते हेक्टर व आर यांत असते. १०० आर म्हणजे १ हेक्टर, आणि १ हेक्टर म्हणजे सुमारे अडीच एकर. घरात आजोबा एकर-गुंठ्यांत बोलतात. ४० गुंठे म्हणजे १ एकर, आणि ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद जागा म्हणजे १ गुंठा. पोटखराबा म्हणजे त्या गटातील लागवडीस निरुपयोगी भाग.

मग भूधारणेची पद्धत. 'भोगवटादार वर्ग १' असे असेल तर धनी जमीन मोकळेपणे विकू शकतो. 'वर्ग २' असेल तर सरकारच्या परवानगीवाचून ती विकता येत नाही; सरकारने भूमिहीनास दिलेली जमीन बहुधा ह्या वर्गात असते. त्यानंतर भोगवटादारांची नावे, आणि शेवटी 'इतर हक्क' ह्या रकान्यात कूळ, बँकेचा बोजा इत्यादींची नोंद. प्रत्येक नावापुढे फेरफार क्रमांक असतो. तो फेरफार काढून पाहिला, की हे नाव खरेदीने आले, वारसाने आले, की वाटणीने आले, हे समजते.

धनी वारल्यावर वारसांनी तीन महिन्यांच्या आत गावच्या तलाठ्यास, ज्यांस आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, वर्दी द्यावी असा नियम आहे. मग नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात, आणि नंतर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. काम अवघड नाही. परंतु 'करू केव्हातरी' म्हणता म्हणता दोन पिढ्या जातात, चार वारसांचे चाळीस होतात, आणि मग एकाची सही मिळविण्यास पुण्यास जावे लागते तर दुसऱ्याची मिळविण्यास सुरतेस. २०२५ साली राज्य सरकारने मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्यासाठी 'जिवंत सातबारा' ही मोहीम काढली, ती ह्याच दुखण्यावर.

एक सावधगिरीची सूचना. सातबाऱ्यावरील नोंद खरी मानली जाते, ती खोटी ठरेपर्यंतच. ती हक्काचा अखेरचा पुरावा नव्हे. म्हणून खरेदीखत, वाटणीपत्र, जुने पत्रक हे सर्व कागद कोरड्या पेटीत जपावे.

ज्यांचे नाव कागदावर नाही

आता ज्यांच्याविषयी कागद मुका आहे, त्यांचा विचार करू. गावातील पुष्कळ जमीन आज बटईने किंवा ठोक्याने कसली जाते. बटईत पिकाची वाटणी होते; ठोक्यात वर्षाची रक्कम आधीच ठरते, मग पिको अथवा न पिको. सालगडी गुढीपाडव्यापासून गुढीपाडव्यापर्यंत ठरल्या रकमेवर राबतो. बटईदार बियाणे आणतो, फवारणी करतो, रात्री पाणी धरतो. पण करार तोंडी असल्यामुळे त्याचे नाव कोठेच लागत नाही. कुळकायदा लागेल ह्या भीतीने धनी लिहून देत नाही. शेत हातचे जाईल ह्या भीतीने बटईदार लिहून मागत नाही. गारपीट झाली तर भरपाई धन्याच्या खात्यात जमा होते. सज्जन धनी त्यातील वाटा देतो. पण एखाद्याची भाकरी दुसऱ्याच्या सज्जनपणावरच अवलंबून असावी, हे काही बरे नव्हे.

दुसरे भूमिहीन. मराठवाड्यात दलित कुटुंबांनी पोटासाठी गायरान व पडीक जमीन नांगराखाली आणली. तिच्या हक्कासाठी कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ व १९६४ साली भूमिहीनांचे मोठे सत्याग्रह झाले. १४ एप्रिल १९९० पर्यंतची शेतीसाठीची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय राज्य सरकारने १९९१ साली घेतला. उलट बाजूने गायरान हे साऱ्या गावाच्या गुरांचे, असाही न्याय आहे. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याविषयी कडक निर्णय दिला. गुरांचा चारा आणि माणसाची भाकर, दोन्ही खऱ्याच गरजा. म्हणून हा प्रश्न रागाने नव्हे, विचाराने सोडवावा लागेल.

तिसरी, आणि सर्वांत जवळची, म्हणजे तुमची आई. पेरणी, खुरपणी, कापूस वेचणी ही कामे कोण करते? आणि सातबाऱ्यावर नाव कोणाचे असते? शेतकरी संघटनेचे शरद जोशी यांनी १९९० च्या सुमारास 'लक्ष्मीमुक्ती' हे आंदोलन चालवून शेकडो गावांतील शेतकऱ्यांकडून जमिनीचा काही भाग स्वखुशीने पत्नीच्या नावे करविला. हिंदू वारसा कायद्यात ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे, आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने तो अधिक स्पष्ट केला. ख्रिस्ती कुटुंबांस लागू असलेल्या १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यातही मुलगा व मुलगी यांचा वाटा समान आहे. तरीही बहिणीकडून 'हक्कसोडपत्र' लिहून घेण्याची चाल आहे. राजीखुशीने दिले तर तिची मर्जी. पण माहेर तुटेल ह्या धाकाने दिले, तर ते देणे नव्हे.

समुद्रापलीकडील एक गोष्ट

हा प्रश्न आपल्यापुरताच आहे असे समजू नका. पॅसिफिक महासागरात फिजी व वानुआतू ही बेटे आहेत. तेथे कावा नावाचे झुडूप लावतात. ते मिऱ्याच्या वेलाच्या कुळातील. त्याच्या मुळ्यांची पूड पाण्यात कालवून समारंभात पितात. डोंगरउतारावर, ओलाव्याच्या व सावलीच्या जागी ते वाढते, आणि मुळ्या काढण्यास तीन ते पाच वर्षे थांबावे लागते. इतका काळ थांबावयाचे, तर पायाखालची जमीन आपल्याकडे राहील असा भरवसा हवा. वानुआतूच्या १९८० च्या राज्यघटनेने देशातील सर्व जमीन मूळ रहिवाशांची व त्यांच्या वंशजांची ठरविली. फिजीत सुमारे ८७ टक्के जमीन मूळ रहिवाशांच्या कुलसमूहांची सामाईक आहे. ती विकता येत नाही, केवळ भाडेपट्ट्याने देता येते.

ह्याच फिजीत १८७९ ते १९१६ ह्या काळात साठ हजारांवर भारतीय मजूर गिरमिटाने नेले गेले. त्यांचे वंशज पट्ट्याच्या जमिनीवर ऊस पिकवीत. १९७६ च्या कायद्याप्रमाणे मिळालेले तीस वर्षांचे पट्टे १९९७ पासून संपू लागले. अनेकांचे नूतनीकरण झाले नाही, आणि पिढ्यान्‌पिढ्या कसलेले शेत सोडून त्यांस जावे लागले. तेथे मूळ रहिवाशांची भूमी राखली गेली ही न्यायाची गोष्ट. आणि कसणारा निराधार झाला ही दुःखाची गोष्ट. दोन्ही एकाच कायद्याच्या पोटी जन्मल्या. आपल्याकडे जमीन विकता येते, म्हणून सावकाराच्या घशात जाते. तेथे विकता येत नाही, म्हणून कसणाऱ्यास मिळत नाही. निर्दोष पद्धत कोठेच नाही. पण कसणाऱ्याचा हक्क कागदावर स्पष्ट असावा, हा धडा दोन्हीकडून मिळतो.

शेवटचे सांगणे

असो. लेख लांबला, आता एक काम सांगून पुरा करतो. येत्या सुटीत घरी गेल्यावर वडिलांस किंवा आजीस विचारा, 'आपल्या शेताचा गट क्रमांक कोणता?' उतारा आता संगणकावरही निघतो. तो आणून सर्वांदेखत मोठ्याने वाचा. वारलेल्यांची नावे असतील तर वर्दी देण्यास सांगा. आईचे नाव आहे काय ते पाहा. शेत बटईने दिले असेल तर बटईदारास भरपाईतला वाटा मिळाला काय, हेही अदबीने विचारा. आणि ज्यांच्या घरी शेतच नाही, त्यांनी खाली मान घालू नये; शेजाऱ्यास उतारा वाचून दाखविण्याचे काम त्यांनाही करता येईल, आणि ते मोलाचे आहे.

पालकांसही आमची नम्र विनंती आहे. मुलाने असा प्रश्न केला तर 'तुला काय करायचे आहे?' असे म्हणून त्याला गप्प करू नये. एके काळी गावात कागद वाचणारा एकच माणूस असे, आणि बाकीचे आंगठा उठवीत. त्या आंगठ्यांनी किती शेते गेली याची मोजदाद नाही. आज प्रत्येक घरात वाचणारे एक मूल आहे. त्याने प्रथम काय वाचावे असे कोणी विचारले, तर आम्ही सांगू: धडा वाचावाच, पण आपल्या काळ्या आईचा उताराही वाचावा.